पन्नास-शंभर बोर्डांच्या धंद्याला कोणतं पीसीबी सॉफ्टवेअर परवडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोली एमआयडीसीत छोटा गाळा भाड्याने घेऊन तुम्ही शेतीपंपाचे ऑटो स्टार्टर, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारे, बनवता. एका लॉटला पन्नास ते शंभर पीसीबी, म्हणजे ज्यावर पार्ट सोल्डर करतात ते तांब्याच्या पट्ट्यांचे बोर्ड, लागतात. आजवर बोर्डाचं डिझाइन बाहेरून काढून घेत होता, आता स्वतः काढायचं आहे. दहा-पंधरा हजार खर्चायची तयारी आहे, लॅपटॉप चार जीबी रॅमचा आहे. एक मित्र महागडं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून टाकून देतो म्हणतोय. शिवाय जुन्या बोर्डाची ईगल या बोर्ड काढायच्या सॉफ्टवेअरमधली फाइल हाताशी आहे, तिचं काय करायचं तेही तुम्ही विचारलंय.

कीकॅड घ्या. काही जण त्याला कायकॅड म्हणतात, एकच ते. फुकट आहे, धंद्यासाठी वापरायला पूर्ण मोकळीक आहे, आणि तुमच्या कामाला कमी पडेल असं त्यात काही नाही. तांब्याच्या बत्तीस थरांपर्यंतचा बोर्ड त्यात काढता येतो. तुम्हाला एक थर लागणार, फार तर दोन. ते दहा-पंधरा हजार सॉफ्टवेअरवर घालवू नका. त्यातून पहिल्या नमुन्याचे बोर्ड करा, ते चुकतील, मग दुसऱ्या नमुन्याचे करा. एक चांगला व्हर्निअर आणि बऱ्यापैकी मल्टिमीटर नसेल तर तो घ्या.

पण नुसतं नाव सांगून भागणार नाही. फुकट तर बरीच सॉफ्टवेअर मिळतात. मी हेच का सांगतोय ते समजून घ्या, म्हणजे उद्या कुणी दुसरं काही सुचवलं तर तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

मी या कामात पंचवीस वर्षं आहे. सुरुवात कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाली. तेव्हा आमचा पहिला बोर्ड, टाकीच्या पाण्याची पातळी सांभाळणारा, बाहेर एका डिझायनरकडून काढून घेतला होता. पैसे दिले, फिल्म मिळाली, बोर्ड आले, माल विकला गेला. दोन वर्षांनी आम्ही वापरत होतो तो ट्रान्सफॉर्मर मिळेना. नव्याच्या पाया चार मिलिमीटर अलीकडे. चार पॅड, म्हणजे पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या टिकल्या, सरकवायचे, एवढंच काम. मूळ फाइल मागितली तर तो म्हणाला, फाइल देत नसतो, बदल माझ्याकडूनच करून घ्यायचा. पुढे त्याने धंदाच बदलला, फोन उचलेना. बोर्ड आमचा, सर्किट आमचं, आणि चार पॅडसाठी सगळा बोर्ड पहिल्यापासून काढावा लागला. त्या दिवसापासून मी कोणत्याही सॉफ्टवेअरला एकच प्रश्न विचारतो: पाच वर्षांनी ही फाइल उघडून मला एक पॅड सरकवता येईल का? कुणाची परवानगी न घेता, कुणाला पैसे न भरता?

तुमच्या हातातल्या ईगलचंच बघा. जर्मनीतल्या कॅडसॉफ्ट कंपनीने १९८८ साली ते काढलं. स्वस्त, हलकं, आणि छोट्या कामांना फुकट आवृत्ती. जगभरच्या छोट्या धंदेवाल्यांनी आणि हौशी लोकांनी त्यावर पार्टच्या तयार चिन्हांच्या आणि मापांच्या अख्ख्या लायब्ररी उभ्या केल्या. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्ककडे गेलं. २०१७ पासून एकदाच पैसे भरून कायमचं लायसन घ्यायची सोय गेली आणि वर्गणी आली. २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ईगल ७ जून २०२६ ला बंद होणार, यापुढे बोर्डाचं काम फ्यूजन या आमच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करा. कंपनीचा तो अधिकार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांचे शंभर-शंभर बोर्ड त्यात पडून आहेत त्यांना आता एकेक फाइल दुसरीकडे न्यावी लागतेय.

कीकॅडचं तसं होणार नाही असं मला वाटतं, त्याला कारण आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला शिकवणाऱ्या ज्याँ-पिएर शारास यांनी ते १९९२ साली सुरू केलं. त्याचा प्रोग्रॅम सगळ्यांना खुला आहे, त्यामुळे कुणी एक कंपनी विकत घेऊन त्याला कुलूप लावू शकत नाही. २०१३ पासून जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेच्या लोकांनी त्यात हात घातला. एक ट्रॅक, म्हणजे पॅड जोडणारी तांब्याची पट्टी, ओढताना शेजारचे ट्रॅक आपोआप बाजूला सरकतात ना, ती करामत त्यांचीच. आधीचं कीकॅड मी वापरून सोडून दिलं होतं, खरंच अवघड होतं. २०१८ ची पाचवी आवृत्ती आल्यावर पुन्हा हातात घेतलं आणि २०२१ अखेरच्या सहाव्या आवृत्तीनंतर मागे वळून पाहिलं नाही. त्याची फाइल साधी अक्षरांची असते, नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. सर्किटमध्ये वापरलेली चिन्हं सर्किटच्या फाइलमध्ये राहतात आणि बोर्डावरचे फूटप्रिंट, म्हणजे प्रत्येक पार्टच्या पॅडची आणि भोकांची मांडणी, बोर्डाच्या फाइलमध्ये. म्हणजे लायब्ररी हरवली तरी बोर्ड हरवत नाही.

एक मात्र सांभाळा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. त्यामुळे चालू लॉटच्या मध्येच आवृत्ती बदलू नका, आणि सोबत कुणी काम करत असेल तर दोघांकडे एकच आवृत्ती ठेवा.

आता मित्राच्या क्रॅकबद्दल. नको. माझ्या मते ते चुकीचं आहे हा भाग आहेच, पण कायदाही माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३ ब चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून संगणकावर वापरण्याबद्दलच आहे. सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. तुमचा अख्खा वर्षाचा नफा एका दंडात जाईल. शिवाय उद्या मोठ्या पंप कंपनीला माल द्यायची वेळ आली आणि त्यांनी मूळ फाइल मागितली, तर क्रॅकमधून निघालेली फाइल त्यांच्या हातात द्यायला तुमचा जीव कसा होईल, याचा विचार करा. क्रॅकसोबत लॅपटॉपमध्ये जे काही शिरतं ते वेगळंच. महागडी सॉफ्टवेअर वाईट आहेत म्हणून मी हे सांगत नाही. मोबाइलचा दहा थरांचा बोर्ड काढणाऱ्या कंपनीला ती लागतात आणि परवडतातही. ऑटो स्टार्टरला ती लागत नाहीत.

कीकॅडच्या बरोबरीने ज्याचा विचार करावा असं एकच आहे, ईझीईडीए. ब्राउझरमध्ये चालतं, पहिल्या दिवशीच हात बसतो. चीनमधल्या एलसीएससी या पार्ट विकणाऱ्या आणि जेएलसीपीसीबी या बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांशी ते जोडलेलं आहे, त्यामुळे एखादा एसएमडी, म्हणजे भोकाशिवाय बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायचा, पार्ट शोधला की त्याचं चिन्ह, फूटप्रिंट, स्टॉक, सगळं एका जागी मिळतं. जीएसएम मॉड्यूल (मोबाइल नेटवर्कला जोडणारा भाग) किंवा मायक्रोकंट्रोलरचा छोटा डबल साइड बोर्ड काढून तिकडूनच मागवायचा असेल तर याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्या दोन मुलांना मी पहिला बोर्ड यातच काढायला लावला. पण तुमचा बोर्ड पडला मोठ्या पॅडचा, सिंगल साइड, इथेच आसपास छापून घ्यायचा. चीनच्या स्टॉकशी जोडलेल्या लायब्ररीचा तुम्हाला उपयोग थोडा. आणि सगळं काम दुसऱ्याच्या सर्व्हरवर. संगणकावर बसवायची आवृत्तीही मिळते. घेणार असाल तर तीच घ्या आणि दर बोर्डाची प्रत स्वतःकडे उतरवून ठेवा.

बाकीची मी तुमच्या बोर्डाला लावून बघितली. तुम्ही माप दिलंय १२० बाय ९० मिलिमीटर, म्हणजे १०८ चौरस सेंटिमीटर. फ्यूजनच्या फुकट आवृत्तीत ८० चौरस सेंटिमीटरच्या वर जाता येत नाही, आणि ती घरगुती वापरासाठी आहे, धंद्यासाठी नाही. तिथेच विषय संपला. डिपट्रेस मला आवडतं, नीटनेटकं आहे, पण फुकटात ३०० पिनांची मर्यादा. आज तुमचा बोर्ड दोनशेच्या आत बसेल. मोबाइलवरून मोटर चालू करायची सोय घातलीत की तीनशे ओलांडणार, आणि नेमकं धंदा वाढायच्या वेळी अडणार. लिब्रेपीसीबी खुलं आहे, साधं आहे, अजून वाढतंय, लक्ष ठेवा. फ्रिट्झिंग शाळेच्या प्रदर्शनाला छान. प्रोटियस तुम्ही कॉलेजात ८०५१ या मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम पडद्यावर चालवून बघायला वापरलं असेल, त्या कामाला ते आजही उत्तम, पण बोर्डासाठी पैसे भरून घ्यावं असं मला वाटत नाही.

इथवर सॉफ्टवेअर झालं. आता खरं काम. तुमचे पैसे जिथे जाणार आहेत ती जागा सॉफ्टवेअरच्या किमतीत नाही, फूटप्रिंटमध्ये आहे.

कीकॅडसोबत येणारी लायब्ररी मोठी आहे, पण ती डबल साइड, भोकात तांबं चढवलेले बोर्ड डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. त्यातला साध्या डिप आयसीचा (दोन बाजूंना पायांच्या रांगा असलेल्या) पॅड १.६ मिलिमीटरचा, भोक ०.८ चं. म्हणजे भोकाभोवती तांब्याची कडा उरते ०.४ मिलिमीटर. भोकात तांबं असेल तर चालतं. सिंगल साइड बोर्डावर, त्यातही स्क्रीन प्रिंटिंग करून काढलेल्या, ड्रिल जरा सरकलं की एका बाजूची कडा कागदासारखी होते, आणि दुरुस्तीला आयसी काढायला गेलात की पॅड उचकटून हातात येतो. शेतकरी तो बोर्ड घेऊन तुमच्याकडेच येणार. म्हणून आयसीसाठी ‘लाँगपॅड्स’ नावाचे फूटप्रिंट निवडा, त्यात पॅड २.४ बाय १.६ चा लांबट असतो. रेझिस्टर, डायोडचे पॅड मी २.२ पर्यंत नेतो. रिले, टर्मिनल, ट्रान्सफॉर्मर, म्हणजे जिथे स्क्रू आवळताना किंवा वजनाने ताण येतो, तिथे ३ ते ३.५. पहिल्या आठवड्यात हेच करा: तुम्हाला लागणारे वीस-पंचवीस पार्ट घ्या आणि त्यांची स्वतःची लायब्ररी बनवा. एकेक पार्ट हातात धरायचा, व्हर्निअरने पाय मोजायचा, मगच फूटप्रिंट. ही लायब्ररी तुम्हाला दहा वर्षं पुरेल.

ट्रान्झिस्टरच्या पायांचा क्रम कधीही गृहीत धरू नका. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी ५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ मध्ये एमिटर, बेस, कलेक्टर. दुकानदार ‘दोन्ही एकच’ म्हणून हातात देतो. बोर्डावर एकच नाहीत.

रिलेचं माझ्यावर बेतलेलं सांगतो. आपण वापरतो तो पाच पायांचा शुगर क्यूब रिले. एका टोकाला तीन पाय, कॉइलचे दोन आणि त्यांच्या मधे कॉमन. दुसऱ्या टोकाला दोन पाय, एनओ (एरवी सुटा, कॉइलला वीज मिळाली की कॉमनला जोडला जातो) आणि एनसी (एरवी कॉमनला जोडलेला). त्याच्या डेटाशीटमधलं (कंपनीच्या माहितीपत्रकातलं) पायांचं चित्र खालच्या बाजूने बघितलेलं असतं. मी ते वरच्या बाजूचं समजून फूटप्रिंट केला. शंभर बोर्ड आले. रिले बोर्डात व्यवस्थित बसला, कारण पायांची रचना मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना सारखीच आहे. सोल्डरिंग झालं. टेबलावर मोटरच्या जागी शंभर वॅटचा बल्ब लावून बघितलं तर टाकी रिकामी दाखवली की बल्ब विझतोय आणि भरली की पेटतोय. एनओच्या जागी एनसी. दर बोर्डाला दोन ट्रॅक कापले, दोन जंपर (वायरचे तुकडे) मारले, आम्ही दोघं दोन दिवस बसून होतो. तुमच्या स्टार्टरमध्ये हेच झालं तर हिरव्या बटणाला जोडलेला संपर्क कायम मिटलेला राहील. म्हणजे लाईट आली की मोटर उठणार. तुम्ही घातलेला दहा सेकंदांचा विलंब, फेजची तपासणी, काही मध्ये येणार नाही. विहिरीवर कुणी मोटरीला हात लावून बसलेलं असेल तर काय होईल ते सांगायला नको. रिलेचा फूटप्रिंट केल्यावर मल्टिमीटर घ्या, खऱ्या रिलेचा कॉमन ते एनसी बीप वाजवून बघा, आणि तोच पाय पडद्यावर कुठे आहे ते बोट ठेवून जुळवा.

आता अंतर. पडद्यावर ४१५ व्होल्ट आणि ५ व्होल्ट सारखेच दिसतात, ही या कामातली सगळ्यात मोठी फसगत. तुमच्या बोर्डावर तिन्ही फेज येतात, म्हणजे दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट, आणि रात्रीच्या पाळीत भार उतरला की त्याहून वर. पेटी असते उसाच्या कडेला, आत धूळ, पावसाळ्यात ओल, कधी पाल. नुसत्या आकडेमोडीने स्वच्छ बोर्डाला तीन मिलिमीटर अंतर पुरेल. मी फेज-फेजमध्ये सहाच्या खाली येत नाही. फेज आणि ५ व्होल्टच्या बाजूमध्ये आठ, आणि जिथे आठ मिळत नाही तिथे बोर्डाला आरपार चीर. रिलेच्या पोटाखाली हमखास चीर पाडायची. कीकॅडमध्ये याला ‘नेट क्लास’ आहेत. बोर्ड काढायला घ्यायच्या आधी फेजच्या सगळ्या जोडण्या एका क्लासमध्ये टाका, त्याला ६ मिलिमीटर अंतर द्या. मग ट्रॅक ओढताना सॉफ्टवेअरच तुम्हाला जवळ जाऊ देत नाही. नवव्या आवृत्तीपासून पृष्ठभागावरून चिरेला वळसा घालून जाणारं अंतरही तपासता येतं. हे एकदा शिकून घ्या, दोन तास जातील.

फेज ओळखण्यासाठी रेझिस्टर लावता, तिथे एकच मोठ्या किमतीचा रेझिस्टर लावलेला मी खूप बोर्डांवर बघितलाय. पाव वॅटचा साधा रेझिस्टर बहुतेक २५० व्होल्टपर्यंतचाच असतो. वॅट बसले म्हणून व्होल्ट बसत नाहीत. तीन किंवा चार सिरीजमध्ये लावा, आणि एका रांगेत, नागमोडी नको. नागमोडीत पहिल्याचं डोकं चौथ्याच्या पायाजवळ येतं आणि अंतर तिथेच जातं.

ट्रॅकच्या जाडीचं थोडक्यात: नेहमीचं ३५ मायक्रॉन तांबं आणि दहा अंश तापमानवाढ धरली तर एका अँपिअरला साधारण ०.३ मिलिमीटर, पाचला २.८, दहाला सात. तुमचा रिले फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल ओढतो, त्यामुळे प्रवाहाची अडचण नाही. तरीही ०.५ च्या खाली जाऊ नका, आपल्याकडच्या स्क्रीन प्रिंटिंगला त्याहून बारीक सुबक येत नाही. ट्रॅक आपोआप ओढणाऱ्या ऑटोराउटरच्या नादी लागू नका. कीकॅडला जोडून चालणारा फ्रीराउटिंग नावाचा आहे, चांगला आहे, पण सिंगल साइड बोर्डावर जंपर कुठे बरा आणि कुठे नको हे त्याला कळत नाही. तुमचा बोर्ड हाताने चार संध्याकाळी होतो.

बोर्ड पूर्ण झाला, तपासणीत एकही चूक दाखवत नाही, तरी लगेच पाठवायचा नाही. आधी कागद. बोर्डाच्या कडेला ५० मिलिमीटरची एक रेघ मारून ठेवा. प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ बंद, स्केल बरोबर एक. कागदावरची रेघ व्हर्निअरने मोजा. ४९ भरली तर प्रिंटर खोटं बोलतोय, पुन्हा काढा. रेघ बरोबर भरली की तो कागद थर्मोकोलच्या तुकड्यावर टाचण्यांनी बसवा आणि एकेक पार्ट कागदातून आत खोचा. ट्रान्सफॉर्मर, रिले, टर्मिनल, कपॅसिटर, सगळे. पाय वाकवावा लागला की तिथे चूक आहे. दोन कपॅसिटर एकमेकांना खेटले की तिथे चूक आहे. आता टर्मिनलमध्ये खरोखर वायर घालून स्क्रू ड्रायव्हर लावून बघा. मागे माझ्या एका बोर्डात टर्मिनलचं तोंड आतल्या बाजूला आलं होतं, ते पडद्यावर महिनाभर दिसलं नाही, थर्मोकोलवर पाच मिनिटांत दिसलं. शेवटी तो थर्मोकोल तुमच्या पत्र्याच्या पेटीत ठेवून झाकण लावा. झाकण लागलं पाहिजे. लक्षात ठेवा, रिलेच्या एनओ-एनसीची चूक या कागदावर सापडत नाही, ती मल्टिमीटरच पकडतो. दोन्ही करायचं.

मग गर्बर, म्हणजे बोर्ड छापणाऱ्याला द्यायच्या फाइलींचा ठरलेला प्रकार. बोर्डवाल्याला पीडीएफ किंवा स्क्रीनचा फोटो पाठवायचा नाही, आणि शक्यतो मूळ फाइलही नाही. गर्बरमध्ये थरागणिक वेगळी फाइल निघते: खालचं तांबं, मास्क (सोल्डर नको तिथला रंगाचा थर), वरचा लेजंड (पार्टची छापलेली नावं), बोर्डाची कड, आणि सोबत ड्रिलची फाइल. कीकॅडमध्येच गर्बर बघायची खिडकी आहे. बाहेर काढलेल्या फाइल तिथे पुन्हा उघडून, एकावर एक ठेवून बघा. भोकं पॅडच्या मधोमध आली पाहिजेत. खालच्या तांब्यावर मी नेहमी मॉडेलचं नाव आणि तारीख लिहितो. वरून बघताना ते उलटं दिसतं आणि तयार बोर्ड पालथा केल्यावर सुलट वाचता येतं. फिल्म पालथी पडली तर हीच अक्षरं पहिल्यांदा ओरडून सांगतात. बोर्डवाल्यालाही तेच सांगा: तांब्यावरचं नाव सुलट वाचता आलं तरच छाप. पहिल्या वेळी शंभर सांगू नका, पाच सांगा. टूलिंगचे पैसे जातील, जाऊ देत. पाचातला एक बोर्ड पंधरा दिवस ओळखीच्या शेतकऱ्याच्या पेटीत चालवा, मग लॉट.

लॅपटॉपचं: चार जीबीवर कीकॅड चालतं. बोर्डाचं त्रिमितीय चित्र फिरवताना दम लागेल, तेवढंच. बसवताना त्रिमितीय मॉडेलची टिक काढून टाका, काही जीबी जागा वाचेल. अलीकडच्या आवृत्त्यांना विंडोज १० किंवा ११ लागतं. हार्ड डिस्क जुनी फिरणारी असेल तर एसएसडी बसवून घ्या, त्यातच सगळ्यात जास्त फरक पडतो. शिकायला किती दिवस? रोज दोन तास दिलेत तर दोन आठवड्यांत पहिला बोर्ड बाहेर पडेल. सुरुवात ऑटो स्टार्टरने करू नका, पाच व्होल्टच्या साध्या पॉवर सप्लायने करा, सात-आठ पार्टचा.

राहिली ईगलची फाइल. ती फुकट जाणार नाही. कीकॅड ईगलचा प्रोजेक्ट उचलून घेतं, पण त्याला सर्किट आणि बोर्ड अशा दोन्ही फाइल एकाच नावाने, एकाच फोल्डरमध्ये लागतात. आणि त्या ईगलच्या सहाव्या किंवा त्यानंतरच्या आवृत्तीतल्या असायला हव्यात. त्याआधीच्या फाइलचा प्रकार वेगळा होता. फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. वाचता येणारी अक्षरं दिसली तर चालेल. नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसली तर ती जुनी आहे, आणि ज्याने बोर्ड काढून दिला त्याला नव्या ईगलमध्ये उघडून सेव्ह करून द्यायला सांगा. त्याच्याकडे ईगल अजून चालत असेल तर ते लगेच करून घ्या. फाइल आत आली की तिच्यावर लगेच काम सुरू करू नका. आधी तिचा गर्बर काढा, आणि आज तुमच्या गाळ्यात पडलेला कोरा बोर्ड शेजारी ठेवून ट्रॅकला ट्रॅक जुळवा. तांब्याने भरलेल्या मोठ्या जागा आणि पॅडचे आकार आयात करताना कधी बदलतात, तिथे नीट बघा. फेजच्या जोडण्यांना नेट क्लास लावून तपासणी चालवा. तुमच्या जुन्या बोर्डाचा जो फोटो तुम्ही पाठवलाय, त्यात डावीकडच्या टर्मिनलपाशी बी फेजचा ट्रॅक आणि ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूचा पॅड यांच्यामध्ये मला दोन मिलिमीटरही दिसत नाहीत. पहिल्यांदा तो ट्रॅक हलवा.